नातेसंबंधांची सराव पुस्तिका: आकृत्या उत्तम, पण पहिला नियम खोडून वापरा

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ‘फोटोतली बाई त्याची कोण?’ हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला, तर वाचलेला वेळ गणिताला मिळतो. म्हणून फक्त नातेसंबंध या घटकावरच्या पातळ पुस्तिका खपतात. त्यांतल्या एकीचं हे परीक्षण. घ्यावी, पण पेन्सिल हातात ठेवून.

आधी जमेची बाजू. आकृत्यांची पद्धत स्वच्छ आहे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ, भावंडांमध्ये एकेरी आडवी रेघ, आईबापांपासून मुलाकडे उभी रेघ. एक पिढी एकाच ओळीत. सगळ्यात मोलाचं म्हणजे ज्याचं लिंग कळलेलं नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. ‘क हा ख चा भाऊ’ एवढ्यावरून ख मुलगा की मुलगी हे कळत नाही. घाईत तिथे चौकोन काढला की पुढचं सगळं घसरतं. चिन्हांच्या प्रश्नांत हे वारंवार घडतं. ‘+’ म्हणजे आई आणि ‘×’ म्हणजे भाऊ असेल, तर ‘त + थ × द’ मध्ये त ही द ची आई, हे नक्की. पण द तिचा मुलगा की मुलगी? पर्यायांत दोन्ही असतील, तरी उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच.

आता खोडायचा नियम. पुस्तिका सुरुवातीलाच सांगते, ‘वाक्य शेवटून वाचा.’ हा नियम इंग्रजी प्रश्नपत्रिकेतून जसाच्या तसा उचललेला आहे. इंग्रजीत ‘माझ्या’ हा शब्द साखळीच्या शेवटी येतो, म्हणून तिथे उलटं वाचावं लागतं. मराठीत साखळी बोलणाऱ्यापासूनच सुरू होते. ‘ही माझ्या आईच्या एकुलत्या एका मुलाच्या मुलीची आई आहे,’ असं रमेश म्हणाला. सरळ डावीकडून चाला. माझ्या म्हणजे रमेश, वर त्याची आई, तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे परत रमेशच, त्याची मुलगी, तिची आई. उत्तर, रमेशची बायको. प्रत्येक ‘च्या’ला एक रेघ काढायची, बस. शेवटून सुरुवात केली तर कोणाची आई, कोणाची मुलगी हे अधांतरी धरून ठेवावं लागतं आणि वेळ तिथेच जातो.

याच वाक्यात ‘रमेश म्हणाला’च्या जागी ‘सुनीता म्हणाली’ करा. एकुलता एक मुलगा आता सुनीताचा भाऊ होतो आणि उत्तर भावजय. म्हणून बोलणाऱ्याच्या क्रियापदाखाली रेघ मारल्याशिवाय आकृतीला हात लावू नये. अनुस्वारही तितक्याच काळजीने पाहावा. ‘मुलाच्या’ म्हणजे एक मुलगा, ‘मुलांच्या’ म्हणजे अनेक. छपाईत टिंब गळलं की प्रश्नच बदलतो, आणि या पुस्तिकेत मुद्रितशोधन ढिलं आहे.

‘एकुलता एक मुलगा’ याबद्दल मात्र पुस्तिकेने नीट समजावलंय. घरी आपण एकुलता एक म्हणतो तेव्हा दुसरं भावंडच नाही असं धरतो. या प्रश्नांत अर्थ एवढाच, की दुसरा मुलगा नाही. मुली असू शकतात. दुसरं भावंड नाही असं सांगायचं असेल तर ‘एकुलतं एक अपत्य’ असं लिहिलेलं असतं.

‘आजोबा’ या शब्दावर मात्र पुस्तिका स्वतःच अडखळते. ‘माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा’ याचं उत्तर तिने ‘भाऊ’ दिलंय. वडिलांकडचे आजोबा धरले तर ते बरोबर. आईकडचे धरले तर तो एकुलता एक मुलगा म्हणजे मामा, आणि त्याचा मुलगा मामेभाऊ. ‘वडिलांचे वडील’ असं स्पष्ट लिहिल्याशिवाय हा प्रश्न विचारूच नये.

नात्यांचा तक्ताही असाच अर्धवट. ‘भावाची मुलगी म्हणजे पुतणी’ असं सरसकट छापलंय. पुरुषासाठी ते खरं. बाईला मात्र भावाची मुलगी भाची, कारण ती स्वतः तिची आत्या; तिच्या पुतण्या म्हणजे दिराच्या मुली. पर्यायांत पुतणी आणि भाची दोन्ही आल्या की हा तक्ता पाठ केलेली मुलगी हमखास चुकणार, आणि चूक तिची नसेल. शिवाय आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्न होतं, तिथे मामा हाच सासरा. कोड्यात प्रश्नाने सांगितल्याशिवाय असं दुहेरी नातं धरायचं नाही, ही सूचना एका ओळीत द्यायला हवी होती.

शेवटी भावंडांच्या संख्येची कोडी आहेत. थोडी आहेत, पण निवड चांगली. प्रत्येक भावाला जितके भाऊ तितक्याच बहिणी, आणि प्रत्येक बहिणीला बहिणींच्या दुप्पट भाऊ. मुलगे म, मुली न धरा. म − १ = न, आणि म = २(न − १). यातून मुलगे ४, मुली ३. मोजणाऱ्याने स्वतःला वगळायचं विसरलं की इथे समीकरण जुळतच नाही. उत्तरसूचीत फक्त आकडे आहेत, रीत नाही. म्हणून हे एक कोडं समासात पूर्ण सोडवून ठेवा, बाकीची त्याच रीतीने सुटतात.