मालवाहू जहाजावर साडेचार महिने : समुद्र झकास, संडासाचं सांगते

नवरा केपसाइज बल्क कॅरियरवर (खनिज, कोळसा असा सुटा माल नेणारं अवाढव्य जहाज) सेकंड इंजिनिअर. सुपरन्युमररी म्हणून (म्हणजे कामावर नसलेलं, घरचं माणूस) मी सिंगापूरला चढले, ब्राझील करून चीनला उतरले. जहाज तीनशे मीटरला जरा कमी, माणसं बावीस आणि बाई मी एकटी. खाणंपिणं फुकट. बॉन्डमधून, म्हणजे जहाजावरच्या दुकानवजा साठ्यातून, ज्यूस आणि चॉकलेटं घेतली तेवढाच खर्च. (तिकीट काढून जायचं म्हणणाऱ्यांसाठी : २०२० पर्यंत काही कंटेनर जहाजांवर पैसे भरून केबिन मिळायची, कोविडनंतर ते बहुतेक बंदच झालं. तेव्हाही जागा मोजक्याच, कारण १२ च्या वर प्रवासी घेतले की जहाजाला प्रवासी जहाजाचे नियम लागतात.)

आता मुद्दा. व्हॅक्यूम टॉयलेट, म्हणजे पाण्याने ढकलण्याऐवजी हवेने खेचून घेणारा संडास.

पहिल्या महिन्यात मी याला दहापैकी दोन दिले असते. बटण दाबलं की अर्धा सेकंद शांतता, मग कोणीतरी नऊवारी टर्रकन फाडल्यासारखा आवाज. शेजारी चीफ ऑफिसर, त्यांची वॉच (ड्युटीची पाळी) पहाटे चारची. म्हणजे रोज तीन पस्तीसला नऊवारी फाटायचीच. त्यात ब्राझीलच्या तुबरांव बंदरात लोखंडाची खनिजमाती भरून निघाल्यावर चीनपर्यंत अकरा वेळा घड्याळ एकेक तास पुढे. झोप आधीच कापलेली, उरलेली या बटणाने घालवली. लोखंडाची लाल धूळ तर पोर्टहोलच्या रबरात शेवटपर्यंत होती, पण तिचा आवाज नव्हता.

केप ऑफ गुड होप मागे टाकून चार-पाच दिवस झाले असतील, आमच्या बाजूची संडासाची लाइन तुंबली. यात बादलीभर पाणी ओतून भागत नाही, झडप उघडलीच नाही तर पाणी तिथेच तुमच्याकडे बघत बसतं. दोन दिवस दोन डेक उतरून मेसशेजारच्या संडासात. तेही जहाज डुलत असताना, एका हाताने रेलिंग धरून.

सांडपाण्याचं सगळं चार साबकडे, म्हणजे फोर्थ इंजिनिअरकडे. चोवीस वर्षांचं पोर, कान लाल करून दारात उभं. ‘भाभीजी, चुकून काही आत गेलं का?’ मी म्हटलं, नाही रे बाबा. संध्याकाळी आमच्या आलीवेत (केबिनींबाहेरच्या पॅसेजमध्ये) नोटीस लागली : टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकू नये. बाकी कुठल्याच डेकवर नाही, फक्त आमच्या! चार महिन्यांत जहाजावर कोणी मला उणा शब्द बोललं नाही, पण ती नोटीस मला लागली.

तिसऱ्या दिवशी फिटरने छताचं पॅनल काढून पाइप कापला. आत काही अडकलेलं नव्हतंच. जुन्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पिवळट दगडी थर, मधे अंगठा जाईल एवढंच भोक. पाणी कमी आणि लघवीतले क्षार जास्त, ते वर्षानुवर्षं पाइपला चिकटत जातात. अधूनमधून लाइनमध्ये केमिकल सोडावं लागतं, ते राहिलं असणार, असं नवरा म्हणाला. तो इंजिन रूमचाच माणूस, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

तरी मार्क वाढवते. चीनबाहेर नऊ दिवस नांगर टाकून होतो. समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन मेन इंजिनच्या उष्णतेवर चालतं, इंजिन बंद म्हणजे तेही बंद. टाकीत असेल तेवढ्यात भागवायचं. वॉशिंग मशीन दिवसाआड, अंघोळी आटोपशीर. हा संडास मात्र एका वेळी लिटरभर पाण्यात काम करतो. घरचा साधा फ्लश सहा लिटर तरी ओततो, आणि आम्ही डोंबिवलीत उन्हाळ्यात टँकरचे पैसे भरतो. तेव्हा सात. आवाजाचे तीन कापलेच आहेत.

जाणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे न्या, दोन जोड.

नवरा अजून तिथेच आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हटलं, जरा आलीवेत फोन फिरव. नोटीस आहे तशीच, वर आता सेलोटेप नवा.