आर्वीचं किलीवालं दुकान: घ्या, पण महिना पाहून घ्या

रंगीत मासे आता कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. पण किली मासे, म्हणजे अंडी घालणारे हे बारके रंगीत मासे, नीट ओळखून, नर-मादी वेगळे दाखवून आणि काचेवर जातीची चिठ्ठी लावून विकणारं दुकान आमच्या भागात मला हे एकच सापडलं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला, बाजाराकडच्या गल्लीत आहे. अर्ध्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य आणि अर्ध्यात टाक्या. बाहेरून पाहिलं तर आत शिरावंसं वाटणार नाही, तरी शिरा.

मी गावची आशा स्वयंसेविका आहे, त्यामुळे गप्पी मासे माझ्या हातातून रोजच जातात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गावच्या टाक्यांत, डबक्यांत सोडायला ते आम्हीच नेतो. लोकांना पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा कोणताही बारका मासा गप्पीच वाटतो. दुकानातल्या भाऊंनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, पाठीवरचा पंख कुठी हाय थे पाहा पहिले." किलीचा पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ असतो, डोकं वरून चपटं आणि तोंड वर वळलेलं. गप्पी आणि गॅम्बुशियाच्या नराचा पोटाखालचा पर काडीसारखा बारीक असतो, कारण ते थेट पिल्लं देतात. किली अंडी घालतो, त्याच्या नराचा तोच पर चांगला रुंद आणि रंगीत असतो. एकदा हे पाहायची सवय लागली की डोळा चुकत नाही. गॅम्बुशिया मूळचा उत्तर अमेरिकेतला, आपल्याकडे डासांसाठी 1928 साली आणला. डासांच्या अळ्या खाणारे पँचॅक्स, तेही किलीच, तर आपल्या देशाचेच आहेत. त्यांच्याकडे लक्ष कोणाचंच जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

या दुकानात तीन प्रकार पाहायला मिळाले. पहिला गोल्डन वंडर. हा दक्षिण भारतातल्या पट्टेरी पँचॅक्सचा, म्हणजे ॲप्लोकायलस लिनिएटसचा, टाकीत पैदास केलेला सोनेरी प्रकार. बोटभर लांब होतो, तोंड मोठं, त्यामुळे निऑन टेट्रासारखे बारके मासे त्याच्यासोबत ठेवले तर गिळून टाकतो. दुसरा गार्डनेरी, नायजेरिया आणि कॅमेरूनचा. नराचं अंग निळसर हिरवं, त्यावर लाल ठिपके, परांना पिवळी किनार. मादी मातकट, तिच्याकडे गिऱ्हाईक ढुंकूनही पाहत नाही. पण दुकानाची खरी किंमत त्या मादीवरच कळते. गार्डनेरी वेगवेगळ्या ठिकाणचे असतात, एन्सुक्काचे, अकुरेचे, मिसाजेचे, आणि पाळणारे ते एकमेकांत मिसळू देत नाहीत. नर वेगळे ओळखू येतात, माद्या जवळपास सारख्याच. एकदा टाकीत मिसळल्या की कोणती कुठली हे सांगता येत नाही. दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात मी नुसतं 'किली मिक्स' लिहिलेली टाकी पाहिली आहे. तिथून जोडी घेण्यात अर्थ नाही. आर्वीला काचेवर 'गार्डनेरी, एन्सुक्का' लिहिलेलं होतं आणि माद्या त्याच चिठ्ठीखाली होत्या.

मी गार्डनेरीची जोडी घेतली. साडेचारशे रुपये लागले, ते जास्त वाटले नाहीत. नर आणि मादी वेगळ्या पिशवीत, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं, आत वाळलेल्या बदामाच्या पानाचा तुकडा. हा आपला शाळेच्या आवारातला मोठ्या पानांचा बदाम. पान पाण्यात चहाचा रंग सोडतं आणि माशाला लपायला आडोसा होतो. निघताना भाऊ म्हणाले, "झाकण ठेवजा बरं, वायर जाते तिथलं भोकसुद्धा बुजवजा." ही सूचना प्रत्येक दुकानदाराने द्यायला पाहिजे. किली उडी मारण्यात पटाईत. बोट जाईल एवढी फट त्याला पुरते.

पाण्याची फार काळजी करू नका. आमचं बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो, तरी गार्डनेरी त्यात राहतो. मी अर्धं पाणी पावसाचं घालते, टिनावरून पहिले एकदोन पाऊस वाहून गेल्यावर भरलेलं. जोराचा फिल्टर नको, स्पंजचा पुरे. पाण्याला धार असली तर हा मासा कोपऱ्यात दबून बसतो.

खाद्याचं मात्र ऐका. कोरडं खाद्य गार्डनेरी हळूहळू शिकतो, पण अंडी हवी असतील तर जिवंत खाद्य पाहिजे. डासांच्या अळ्या सगळ्यात उत्तम, पण त्यासाठी घरी पाणी साठवून ठेवू नका. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं मी दारोदार सांगते, ते मी माझ्याही घरी पाळते. कंटेनर सर्व्हेत, म्हणजे घरोघरी साठलेल्या पाण्यात अळ्या शोधताना, जी भांडी उपडी करायची असतात, त्यातल्या अळ्या चहाच्या गाळणीने गाळून, स्वच्छ पाण्यात धुऊन लगेच टाकीत सोडते. ज्या पाण्यात ॲबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकलेलं आहे, तिथली अळी कधीच देत नाही. हे तुम्हीही विचारून घ्या.

अंड्यांसाठी हिरव्या लोकरीचा गोंडा बुचाला बांधून तरंगत सोडायचा. मादी एकेक अंडं त्यात चिकटवते. गोंडा पिळून उजेडात धरला की मोहरीहून बारीक, काचेसारखे दाणे दिसतात. बोटांनी उचलले तरी फुटत नाहीत, हे पहिल्यांदा विश्वास बसण्यासारखं नसतं. दोन-तीन दिवसांत पांढरी पडलेली अंडी काढून टाकायची. चांगल्या अंड्यांत पुढे डोळे दिसतात, दोन काळे ठिपके, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत पिल्लू बाहेर येतं. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेलं दृश्य हेच, भिंगाखाली अंड्यात फिरणारा डोळा.

आता उन्हाळा. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि गार्डनेरीला पाणी साधारण 22 ते 26 अंशांचं लागतं. गोल्डन वंडर तीस अंशांपर्यंत धकून जातो, गार्डनेरीचा श्वास वर येतो. माझी टाकी मधल्या खोलीत खाली जमिनीवर आहे, भोवती ओलं बारदान आणि समोर पंखा. त्याने पाणी काही अंश उतरतं. लाइन गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लागतोच. या दुकानाबद्दल माझा आदर वाढला तो इथे. नवतपाच्या सुमारास मी एका शेजारणीला घेऊन गेले, तिला गार्डनेरीच हवे होते, पैसे हातात होते. भाऊंनी दिले नाहीत. "दिवाळीनंतर या, आता घरी नेईपर्यंत मरते थे." तिने गोल्डन वंडर घेतले, ते मजेत आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंतचे महिने गार्डनेरी आणायला बरे.

एक तक्रार आहे आणि ती मी तिथेही बोलले. तिसरा प्रकार म्हणजे नोथोब्रँकियस गुंथेरी, झांझिबारचा, तो अंड्यांच्या पाकिटात मिळतो, ओलसर नारळाच्या भुशात. हे मासे पावसाळी डबक्यांत राहतात. डबकं आटलं की मोठे मरतात, अंडी चिखलात जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. त्यांच्याच जवळच्या फुर्झेरी जातीचे मासे रानात दोन आठवड्यांत वयात येतात, इतकं आयुष्य घाईचं. गुंथेरीच्या अंड्यांना भुशात तीनेक महिने लागतात, मग पाणी घालायचं. म्हणून पाकिटावर अंडी काढल्याची तारीख नसेल तर ते पाकीट निरुपयोगी आहे, आणि इथल्या पाकिटांवर ती नव्हती. माल बाहेरून येतो, असं उत्तर मिळालं. माशांच्या बाबतीत इतकं काटेकोर असणाऱ्या माणसाने हे चालवून घेऊ नये.

कोणताही किली घ्या, जास्त पिल्लं झाली म्हणून गावतळ्यात किंवा नाल्यात सोडू नका. भाऊ पिल्लं परत घेतात, बदल्यात खाद्य देतात. दुकान सोमवारी बंद असतं. पाकिटांवर तारीख यायला लागली की मी गुंथेरी आणणार आहे.