दगडी शेतघर: कॉट्सवोल्ड्सचं की यॉर्कशायर डेल्सचं?

इंग्लंडात जुनं दगडी शेतघर शोधणारे फिरून फिरून या दोन भागांपाशीच येतात. कॉट्सवोल्ड्समध्ये आम्ही दोन हिवाळे भाड्याने काढले. आता डेल्समध्ये राहतो.

देखणेपणात कॉट्सवोल्ड्सला तोड नाही. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड छिन्नीला चटकन वश होतो, म्हणून खिडकीच्या चौकटी, मधले उभे दांडे, पावसाचं पाणी बाजूला सारणारी वरची पट्टी, सगळं घडीव. उभ्या उताराच्या छपरावरही दगडाच्याच चिपा, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत गेलेल्या. स्टोन्सफील्ड गावात पूर्वी खाणीतला दगड हिवाळाभर ओला ठेवत, गोठणाऱ्या पाण्याने त्याचे पापुद्रे सुटत आणि त्यांच्या चिपा होत.

पण त्या घडीव दांड्यांनीच माझा निकाल लावला. स्वयंपाकघराला तीन खणांची खिडकी, खण दीड वीत रुंद, उघडायचा त्यातला एकच. फोडणीत मिरची पडली की आई ठसकत अंगणात, आणि हिंगाचा वास दुसऱ्या दिवशी कोटांना. एक्झॉस्ट फॅन बसवावा तर घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेलं. अशा भिंतीला परवानगीशिवाय भोक पाडणं हा फौजदारी गुन्हा. घरमालकाने हात जोडले.

डेल्सचं आमचं घर रांगडं. राहतं घर आणि गोठा एकाच आढ्याखाली, दारं मात्र वेगळी; याला इथे लेथ हाउस म्हणतात. दगड खरबरीत, छपराचा उतार कमी, वर जडशीळ फरशा. दारावरच्या दगडात मूळ नवरा-बायकोची आद्याक्षरं: आडनावाचं वर, दोघांची खाली. मागे उतरत्या छपराची पडवी, एकेकाळी दूधदुभत्याची. तिथेच आमचं स्वयंपाकघर. खिडकी वरखाली सरकणारी. वरची काच खाली ओढली की धूर गेला!

आता, डेल्समधल्या सतराव्या शतकातल्या घरांनाही दगडी दांड्यांच्या खिडक्या सापडतील, आणि तिथला वारा काही प्रेमळ नाही. फोडणीचं वावडं असेल तर कदाचित तुम्ही कॉट्सवोल्ड्सच घ्याल. छपराची दुरुस्ती दोन्हीकडे खिसा कापतेच.

घर बघायला जाल तेव्हा भिंतीचे सांधे किल्लीने जरा खरवडून पाहा. चुना असेल तर भुगा पडेल. सिमेंट भरलं असेल तर ओल दगडातच कोंडते. आणि एजंट शेकोटीचं कौतुक सांगत असताना तुम्ही स्वयंपाकघराची खिडकी उघडून या.