अरेंजरच्या साथीला टच शिकवताना: नऊ महिन्यांचा अनुभव

आधी माझा वापर सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. महिन्याला तीन-चार छोटे कार्यक्रम. भावगीतं, सोसायटीची कोजागिरी, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. गायिका, मी आणि ६१ पट्ट्यांचा मधल्या किमतीचा अरेंजर, म्हणजे डाव्या हाताच्या सुरांवरून साथ स्वतःच वाजवणारा कीबोर्ड. तबलजीचं मानधन बजेटमध्ये बसत नाही तिथे मला बोलावतात, हे उघड गुपित आहे. कीबोर्डच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका सोयीबद्दल आहे आणि ती अनेकांकडे असते.

सोय अशी: डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) जोरात दाबली की साथ मोठी, हलकी दाबली की लहान. यात नवीन काही नाही. यामाहाच्या जुन्या मॉडेलांत ती ‘स्टाइल टच’ म्हणून होती, रोलँडकडे ‘डायनॅमिक अरेंजर’ म्हणून. मी मेनूत शोधून चालू केली आणि पहिला आठवडा घरात मिरवलो.

मग कार्यक्रम आला. अंतऱ्याची दुसरी ओळ, गायिकेने आवाज अगदी खाली घेतलेला, आणि मला जी मायनरवरून सी मायनरवर जायचं होतं. घाईत करंगळी धाडकन पडली आणि ढोलक असा ओरडला की पहिल्या रांगेतल्या आजींनी मान वर केली. मध्यंतरात गायिका एवढंच म्हणाली, “दादा, ते बंद करता येतं का?”

घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की चूक करंगळीची नव्हतीच. कॉर्ड बदलताना डावा हात उडी मारतो, आणि उडी जितकी लांब तितका तो जोरात आपटतो. भावनेचा त्यात काही संबंध नाही. शिवाय एकच कॉर्ड चार आवर्तनं धरून ठेवली तर यंत्राला चार आवर्तनं काही कळतच नाही. गाण्याचा चढउतार माझ्या उजव्या हातात असतो, आणि ही सोय डाव्याकडे बघत बसते.

म्हणून जुना लॅपटॉप यूएसबीने जोडला. त्यावर प्युअर डेटा हे मोफत सॉफ्टवेअर. उजव्या हाताच्या शेवटच्या आठ सुरांची व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा) घ्यायची, सरासरी काढायची आणि ती एक्स्प्रेशनच्या रूपात (आवाज कमी-जास्त करणारा मिडीचा कंट्रोल क्रमांक ११; मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा) साथीच्या वाद्यांच्या चॅनलांवर परत पाठवायची. सूर परत पाठवायचे नाहीत, नाहीतर गोंधळ होतो. एकच सूर चुकून जोरात लागला तरी बाकीचे सात त्याला सांभाळून घेतात.

आकडे समोर दिसायला लागल्यावर माझंच पितळ उघडं पडलं. मिडीत व्हेलॉसिटी १ ते १२७ असते. मी स्वतःला फार नाजूक आणि फार जोरकस वाजवणारा समजत होतो. प्रत्यक्षात सगळा कारभार ५५ ते ९० मध्ये. टच ‘हार्ड’ (म्हणजे मोठ्या आवाजाला पट्टी जास्त जोरात दाबावी लागते) करून महिनाभर रियाज केला तेव्हा कुठे दोन्ही टोकं थोडी लांबली. नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि त्याला लॅपटॉप फक्त निमित्त.

सगळ्या वाद्यांना एकच माप लावू नका, हे शिकायला दोन महिने गेले. बेस जवळजवळ स्थिर ठेवा. तो खाली गेला की गायिकेच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर) आणि गिटार मोकळेपणाने हलू द्या. ऱ्हिदम दोघांच्या मध्ये.

खरी अडचण तबल्याची. भारतीय स्टाइलींमध्ये (साथीच्या तयार साच्यांमध्ये) तबला-ढोलक बरेचदा रेकॉर्ड केलेल्या लूपमधून, म्हणजे फिरून फिरून वाजणाऱ्या तुकड्यातून येतो. त्याचा आवाज कमी करता येतो, वाजवणं हलकं करता येत नाही. जिवंत तबलजी हळू वाजवतो तेव्हा चाटेचा (तबल्याच्या काठावरच्या बोलाचा) कडकपणा जातो, बायाँ (डग्गा) दबका होतो, मधल्या काही मात्रा तो सोडूनच देतो. इथे तोच जोरकस तबला कुणीतरी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवल्यासारखा ऐकू येतो. ज्या स्टाइलींत ऱ्हिदम रेकॉर्डिंग नसून सुटा, एकेक ठोका वेगळा असा मिडीत आहे तिथे व्हेलॉसिटी बदलून आवाजाचा पोतही बदलतो, पण तशी गोड वाजणारी केरव्याची स्टाइल माझ्याकडे एकच आहे. म्हणून हळू अंतऱ्यासाठी पायाच्या बटणाने साध्या व्हेरिएशनवर (त्याच स्टाइलच्या सोप्या रूपावर) जातो, तिथे मात्राच कमी आहेत. कान जास्त फसतो तो यानेच.

आणखी एक खोडी: फिल (दोन भागांमधला छोटा तोडा) मारून नवीन व्हेरिएशनवर गेलं की स्टाइल आपल्या मूळ पातळ्या पुन्हा लावते आणि साथ क्षणभर उसळते. उपाय म्हणून माझा आकडा बदललेला नसला तरी दर पाव सेकंदाला परत पाठवत राहतो. उसळी अजून येते, पण आता ती फक्त मला ऐकू येते.

हे सगळं करावं का असं कुणी विचारलं तर मी आधी एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं) घ्यायला सांगेन. स्वस्त आहे आणि पाय खोटं बोलत नाही. लॅपटॉपचा खटाटोप ज्याला मेनूंत रमायला आवडतं त्याच्यासाठी. मागच्या महिन्यात नेमक्या भैरवीच्या आधी लॅपटॉप झोपी गेला, साथ ज्या पातळीवर होती तिथेच अडकली, आणि भैरवी मी पेडलवरच काढली. गायिकेला फरक कळला नाही. मी विचारलंही नाही.