धामापूर तलावात बोटिंग आणि 'युद्धनौका दर्शन': या पॅकेजपासून सावध राहा

मालवण-तारकर्लीला निघालेल्यांसाठी लिहितोय. 'धामापूर तलावात बोटिंग आणि ऐतिहासिक युद्धनौका दर्शन, माणशी १२०० रुपये' अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरतेय. निम्मे पैसे आगाऊ, यूपीआयने.

गोम अशी, की सुटं सुटं तपासलं तर सगळं खरं निघतं. धामापूरचा तलाव १५३० सालचा, नावाजलेला. नौदलाची 'गुलदार' जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि निवती रॉकजवळ तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना पेपरात आली, तेही खरं. खोटा आहे तो मधला सांधा. निवती रॉक भर समुद्रात, तलाव गोड्या पाण्याचा, डोंगरांच्या मध्ये. ऐंशी मीटरहून लांब जहाज तिथे येणार कुठून? एजंटचं उत्तर तयार होतं: "बोटिंग झालं की गाडीने जेटीवर नेतो ना, साहेब!" त्याने पाठवलेला फोटो तर जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचा निघाला. ती २०१४ मध्येच भंगारात गेली. 'गुलदार' रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका, तिच्यावर विमानं कशाला असतील?

तरी आम्ही गेलो. बोटिंग झकास झालं, त्याबद्दल तक्रार नाही. गाडीत बसताना उरलेले पैसे रोख घेतले आणि कर्ली खाडीच्या काठाला नेलं. वाळूवर ओढलेला एक ट्रॉलर, वर करडा रंग फासलेला, पुढे तोफ. सासऱ्यांनी तोफेवर टिचकी मारली. पीव्हीसी पाइप! रंगाखालचा आयएसआयचा शिक्काही वाचता येत होता. शेजारी जाळं सांधत बसलेला गाबीत मच्छीमार हसायलाच लागला. "अवो, हो आमच्या काकांचो ट्रॉलर. इंजिन बसला, म्हणान वर ओढून ठेवलो हा." रंगाचे म्हणून काकांना पाचशे रुपये मिळाले होते म्हणे. तेवढ्यात गाडी पसार.

पावतीवर नांगराचा शिक्का, पत्ता नाही. नौदलाचं निवृत्त जहाज दाखवतो म्हणणाऱ्याला ते कुठे उभं आहे आणि तिकीट कोण देतं, एवढं पैसे देण्याआधी विचारा. आत फिरून बघायचं असेल तर विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण जेटीवरच मिळते, तिकीट तिथेच काढा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे ओळख) क्रमांक हाताशी ठेवून. आमची आगाऊ रक्कम तक्रारीत नोंदली गेली, पण रोख दिलेल्याचा पुरावाच नाही. एजंटच्या त्याच नंबरवर आता डॉल्फिन दाखवायचं पॅकेज सुरू झालंय.