एक सत्र मोकळं आहे: प्रयोगशाळा, परदेशी विद्यापीठ की कंपनी?

सत्र निम्मं सरलं की विभागाचा एक लांबलचक मेल येतो. वर ग्रंथालयाच्या बदललेल्या वेळा, खाली हरवलेल्या ओळखपत्रांची यादी, आणि मधेच कुठेतरी तीन ओळी: अमुक प्रयोगशाळेत विद्यार्थी सहायक हवा, परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकण्यासाठी अर्ज सुरू, एका कंपनीत इंटर्नशिप. तिन्ही ओळी एकाच टायपात, म्हणून एकाच वजनाच्या वाटतात. मग अर्ज हातात घेऊन मुलं माझ्या टेबलापाशी येतात. "मॅडम, यातलं चांगलं कुठलं?"

याला एक उत्तर नाही. मी उलट दोन प्रश्न विचारते. परत आल्यावर हे काम तुझ्या पदवीत कुठे मोजलं जाणार? आणि तिथे तुझं काम रोज कोण बघणार? मानधन किती आणि नाव किती मोठं, हे मुलं आपणहून विचारतात, त्यासाठी माझी गरज लागत नाही. हे दोन प्रश्न मात्र बहुतेकांच्या डोक्यात परत आल्यावर येतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी कॅलेंडर

तिन्ही वाटांचा पहिला फरक पैशात नाही, वेळेत आहे. आपल्याच विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत सोमवारी बोलून बुधवारी काम सुरू करता येतं. कंपनीला मुलाखती घ्यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. परदेशी सत्राचं मात्र साधारण वर्षभर आधी ठरवावं लागतं: आधी आपल्या विद्यापीठात निवड, मग त्यांच्याकडे नामांकन, मग अर्ज, मग व्हिसा, मग राहायची सोय. त्यामुळे तिसऱ्या वर्षी जायचं असेल तर दुसऱ्या वर्षीच हालचाल हवी. उन्हाळी संधीही वाटतात तितक्या उन्हाळ्यातल्या नसतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात व्याख्यानं ऐकत प्रत्यक्ष प्रकल्पावर काम करता येतं, पण त्याचे अर्ज जानेवारीतच भरून व्हावे लागतात. परीक्षा संपल्यावर निवांत शोधू म्हणणाऱ्याला ती ओळ मेलमध्ये दिसते तेव्हा तिचा काही उपयोग उरलेला नसतो.

त्यातही देशोदेशींची वर्षं जुळत नाहीत. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि त्याची व्याख्यानं फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्याच्याही नंतर. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चला. तुमचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल आणि तुम्ही जर्मनीत हिवाळी सत्राला गेलात, तर तिकडची परीक्षा द्यायची की इकडच्या तासांना बसायचं, असा पेच पडतो. एका विद्यार्थ्याने तिकडच्या प्राध्यापकांना विनवून परीक्षा लवकर दिली. दुसऱ्याला तसं जमलं नाही, त्याचं एक सत्र गेलं. दोघांनी अर्ज एकाच दिवशी भरले होते. पहिल्याने जायच्या आधी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहिली होती, एवढाच फरक.

प्रयोगशाळा: जवळची, म्हणून दुर्लक्षित

घरच्या प्रयोगशाळेला विद्यार्थी दुय्यम समजतात, कारण तिथे पोचायला विमान लागत नाही. मला तर पदवीच्या विद्यार्थ्यासाठी ही तिन्हीतली सर्वात भक्कम वाट वाटते. पदवीच्या मुलांना खऱ्या संशोधनात घेण्याची पद्धतशीर सोय अमेरिकेतल्या एमआयटीत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी सुरू केली. तिथे विद्यार्थी ते काम मानधनासाठी, क्रेडिटसाठी (म्हणजे पदवीत मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांसाठी) किंवा नुसतंच शिकण्यासाठी करू शकतो. हे तीन पर्याय तुमच्याकडे आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारा. विचारायला संकोच वाटतो, मान्य. पण न विचारता सुरू केलेलं काम आपोआप तिसऱ्या प्रकारात जमा होतं.

काम मात्र रोमांचक असेल अशी समजूत नको. पहिले दोन महिने नमुन्यांना क्रमांक देणं, फायलींना नीट नावं देणं, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम का चालत नाही ते शोधणं. पुष्कळ मुलं इथेच गळतात. जी टिकतात त्यांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्वतःचा छोटा प्रश्न मिळतो, आणि तेव्हा कळतं की आपल्याला हे आयुष्यभर करायचं आहे की नाही. 'नाही' हे उत्तरही मोलाचं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षी कळलेलं केव्हाही बरं.

रोज कोण बघणार? प्रामाणिक उत्तर असं की प्राध्यापक नव्हे, पीएचडी करणारी एखादी ताई किंवा दादा. शिफारसपत्रावर सही प्राध्यापकांची असते, पण त्यातले तपशील त्या ताई-दादानेच पुरवलेले असतात. म्हणून प्रयोगशाळा निवडताना प्राध्यापकांचे किती शोधनिबंध आहेत हे पाहण्याआधी, तिथे काम करून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारा: आठवड्यातून किती वेळा कुणी बोलायचं? अडलं तर कुणाकडे जायचा? दोघंही उत्तर देताना घुटमळले, तर दुसरी प्रयोगशाळा बघा.

शोधनिबंधात नाव येणार का, हा नाजूक विषय. तोही सुरुवातीलाच काढावा. आता बऱ्याच नियतकालिकांत कुणी काय केलं हे १४ ठरावीक भूमिकांच्या यादीतून नोंदवतात: संकल्पना, माहितीची निगा, सॉफ्टवेअर, लेखन वगैरे. ती यादी समोर ठेवून बोलणं सोपं जातं. 'माझं नाव घाला' म्हणण्यापेक्षा 'यातल्या कुठल्या भूमिका माझ्या असतील?' असं विचारलं तर कुणी नाक मुरडत नाही.

या वाटेचा दोष एकच, पण मोठा: तिला शेवट नसतो. इंटर्नशिप ठरल्या तारखेला संपते, सत्र संपतं, प्रयोगशाळा संपत नाही. आठवड्याचे तास लिहून ठरवा, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्रीही तुम्ही आलेख काढत बसाल.

बाहेरच्या उन्हाळी संशोधनाच्या जाहिराती वाचताना मात्र पात्रतेची ओळ सर्वात आधी वाचा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणारे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यासाठीच असतात. तीन पानांचं उद्देशपत्र लिहून झाल्यावर ही ओळ दिसली की होणारा मनस्ताप मी पाहिला आहे.

परदेशी सत्र: शिक्षण खरं, हिशोब किचकट

युरोपात विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काही काळ शिकायला पाठवणारा इरॅस्मस कार्यक्रम १९८७ साली सुरू झाला, तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज तीच कल्पना जगभरच्या विद्यापीठांनी आपापल्या करारांतून उचलली आहे. मुख्य फायदा असा की करारातून गेलात तर शुल्क सहसा आपल्याच विद्यापीठात भरायचं, तिकडे वेगळं नाही. स्वतःहून गेलात तर तिकडचं पूर्ण शुल्क. 'एक्स्चेंज' आणि 'स्टडी अब्रॉड' हे शब्द जाहिरातींत सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून नावावर न जाता शुल्क कुठे भरायचं एवढंच विचारा.

इथे पहिल्या प्रश्नाला, म्हणजे मोजणीला, सर्वाधिक महत्त्व. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाची ६० क्रेडिटं, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम, स्वतःचा अभ्यास धरून. तुमच्या विद्यापीठात क्रेडिट वर्गातल्या तासांवर मोजत असतील, तर तिकडची ३० म्हणजे इकडची किती, हे जाण्याआधी कागदावर यायला हवं. इरॅस्मसमध्ये यासाठी विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ अशा तिघांच्या सहमतीचा शिक्षण करार करतात. तुमचा कार्यक्रम इरॅस्मसचा नसला तरी असा कागद करून घ्या. तिकडे पोचल्यावर एखादा विषय रद्द होतो, दुसऱ्याची वेळ तिसऱ्यावर येते. विषय बदलावाच लागतो, आणि बदल झाल्या झाल्या दोन्हीकडून मंजुरीचा मेल घ्यायचा. 'परत आल्यावर बघू' असं कुणी तोंडी म्हणालं, तर ते आश्वासन समजू नका.

गुणांची गंमत वेगळीच. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. जिथे ४.० ला सर्वोच्च मानतात तिथे १.३ लिहिलेली गुणपत्रिका कुणी घाईत वाचली तर काय होईल ते सांगायला नको. गुणांचं रूपांतर कोण आणि कुठल्या सूत्राने करणार, की नुसतं 'उत्तीर्ण' लिहिणार, हेही आधीच विचारा. सरासरी जपायची असेल तर 'उत्तीर्ण' हा कधीकधी फायद्याचा सौदा ठरतो.

दुसऱ्या प्रश्नाला इथलं उत्तर सर्वात कमकुवत. दोनशे जणांच्या व्याख्यानगृहात चार महिने बसलेल्या पाहुण्या विद्यार्थ्याला कुणी ओळखत नाही, त्यामुळे शिफारसपत्राची आशा धरून या वाटेने जाऊ नये. यावर उपाय आहे: विषयांमध्ये एक तरी छोटं चर्चासत्र घ्यायचं, जिथे पंधरा-वीस जण असतात आणि बोलावंच लागतं.

मग जायचंच कशाला? शिकवण्याची दुसरी रीत बघायला. सत्रभर एकही चाचणी नाही आणि शेवटी समोरासमोर वीस मिनिटांची तोंडी परीक्षा, असं कुठे असतं. कुठे दर आठवड्याला लिहून द्यायचं असतं. आपल्याला वर्गात जे येतं असं वाटत होतं ते खरंच येतं का, याची झाडाझडती होते. ते क्रेडिटात मावत नाही आणि अर्जात लिहिलं तर पोकळ वाटतं, पण परत आलेल्यांच्या प्रश्नांत मला तो फरक ऐकू येतो.

कंपनी: लवकर कळतं, दाखवता येत नाही

काम आणि शिक्षण आलटूनपालटून करण्याची पद्धत नवी नाही. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसह ती सुरू केली. कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ तर १९५७ साली याच पायावर उभं राहिलं. या पद्धतीला को-ऑप म्हणतात. इंटर्नशिपशी तिची गल्लत करू नये. इंटर्नशिप बहुधा एकदाच आणि सुटीत. को-ऑपमध्ये कामाची सत्रं अभ्यासक्रमातच विणलेली असतात, गुणपत्रिकेत दिसतात, आणि पदवी लांबते. ते लांबणं घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कंपनीत शिकायला पटकन मिळतं: मुदत पाळणं, दुसऱ्याचं काम पुढे नेणं, बैठकीत गप्प कधी बसायचं. पण बरंचसं काम गोपनीयतेच्या कराराखाली असतं, म्हणून नंतर 'काय केलंस?' याला मोघम उत्तर द्यावं लागतं. शिवाय तुमचं काम जवळून पाहणारा वरिष्ठ दोन वर्षांत नोकरी बदलतो. शेवटच्या आठवड्यातच त्याच्याकडून लेखी अभिप्राय घ्या.

परदेशात शिकत असणाऱ्यांसाठी एक खोच. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पूर्णवेळ काम १२ महिने किंवा अधिक केलं, तर त्याच पातळीच्या पदवीनंतर मिळणारी कामाची परवानगी हातची जाते. इंटर्नशिपला आणखी दोन महिने वाढवून देतो म्हणाले, की आनंदाच्या भरात आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन महिने मोजून घ्या.

कुठेही जाता येत नसेल, घरच्या जबाबदाऱ्या असतील, तर गूगल समर ऑफ कोडसारख्या दूरस्थ कामांचा विचार करा. २००५ पासून चालू आहे, मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात मार्गदर्शक मिळतो, आणि केलेलं सगळं काम जाहीरपणे दिसत राहतं. गोपनीयतेची अडचणच नाही.

कर्मचाऱ्यांनीही ती ओळ वाचावी

त्या मेलमधली परदेश दौऱ्याची ओळ कार्यालयातले लोक वाचतच नाहीत, 'हे प्राध्यापकांचं' म्हणून. इरॅस्मसच्या कर्मचारी भेटी ग्रंथालय, प्रवेश, लेखा विभागातल्यांसाठीही असतात. २ ते ६० दिवसांच्या. शिकवायला जाणाऱ्याला मात्र आठवड्याला किमान ८ तास शिकवावं लागतं. शिक्षकांपुढची दुसरी वाट म्हणजे सबॅटिकल, अभ्यासासाठीची लांब रजा, जिची सुरुवात हार्वर्डने १८८० साली केली. लांब रजा की छोटी भेट, यात माझा कौल शिक्षकांसाठी लांब रजेला आणि कार्यालयातल्यांसाठी आठवड्याच्या भेटीला. कारण सरळ आहे: मागे काम कोण करणार? प्राध्यापकांचे तास वाटून घेतले जातात. कार्यालयातल्या माणसाची फाइल तो परत येईपर्यंत तशीच पडून राहते.

तर मग

पुढे संशोधन करायचं असेल, तर आधी घरची प्रयोगशाळा, निदान दोन सत्रं, आणि बाहेरचा उन्हाळा त्यानंतर. क्रम उलटा केला तर बाहेरच्यांना दाखवायला काही नसतं. काय करायचं हेच ठरलं नसेल, तर कंपनीतली छोटी इंटर्नशिप घ्या, कारण चूक झाली तरी तीन महिन्यांत संपते. परदेशी सत्राची शिफारस मी एकाच प्रकारच्या विद्यार्थ्याला करते: ज्याचे सक्तीचे विषय जवळपास उरकले आहेत आणि ऐच्छिक शिल्लक आहेत. सक्तीचा विषय तिकडे जुळवत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

आणि अर्जाची अंतिम तारीख २० असेल, तर सहीसाठी १९ ला येऊ नका. मी असेन. पण विभागप्रमुखांचीही सही लागते, आणि त्या १८ ला परिषदेला गेलेल्या असतात.