आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: ग्रह दिसत नाहीत, तरी घ्यावी का?

गच्चीवर दुर्बीण मांडली की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतंय, "ह्यातनं दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह दिसतात काय ओ?" नाही दिसत. विकणारा काहीही सांगू दे, चोवीस इंची आणली तरी नजरेनं दिसणार नाहीत. आपला गुरू सूर्याच्या साधारण अब्जावा भागच उजेड परततो. दुसऱ्या ताऱ्याला खेटून असलेला तसला ठिपका आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, कुठनं सापडायचा? फोटोतल्यासारखं काही बघायचं असेल तर पैसे राखून ठेवा.

मी मात्र ही डॉब्सोनियन, म्हणजे बुडावर ठेवून हातानं फिरवायची २०० मिलिमीटर आरशाची दुर्बीण, पुन्हा घेईन, आणि त्या ग्रहांच्या नादानंच घेईन. ग्रह नाही, पण त्यांचे सूर्य दिसतात. महाश्वाच्या चौकोनाच्या जरा बाहेर ५१ पेगासी आहे, ५० प्रकाशवर्षांवर. कोल्हापुरातल्या आमच्या राजारामपुरीच्या उजेडात डोळ्यांना काही लागत नाही, फाइंडरमध्ये, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत, मात्र चटकन येतो. दिसायला अगदी साधा, पिवळट. पण १९९५ मध्ये मेयर आणि केलोझ यांनी ग्रहाच्या ओढीनं होणारं ह्याचंच डुलणं मोजून, सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा ग्रह शोधला आणि २०१९ चं नोबेल मिळवलं. हे डोक्यात ठेवून बघितलं की आयपीस सोडवत नाही. थंडीत यमुना तारकासमूहातला एप्सिलॉन एरिडानी, साडेदहा प्रकाशवर्षांवरचा, नारिंगी झाक असलेला. त्यालाही ग्रह आहे.

खरी मजा मे महिन्यात. मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, कोल्हापुरातून दक्षिणेला जेमतेम साडेबारा अंश वर येतो. गच्चीवरून त्या बाजूला इमारती आणि एमआयडीसीचे दिवे, म्हणून पन्हाळ्यापुढं मसाई पठारावर जावं लागतं. रात्री अकराच्या सुमारास २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून, म्हणजे ४८ पटीत, एकाचे दोन तारे होतात. क्षितिजाजवळची हवा थरथरते, तरी फट स्पष्ट दिसते. नाद खुळा! तिसरा भाऊ प्रॉक्सिमा, ज्याचा ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला, तो दोन अंश बाजूला आणि फारच मंद. नकाशाशी ताडून एक ठिपका धरलाय, पण हाच तो असं छातीठोक सांगणार नाही.

आता तक्रारी. सोबतचं १० मिलिमीटरचं आयपीस टाकाऊ, कडेचे तारे पसरतात. बूड पार्टिकल बोर्डाचं. आमच्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून कडा फुगल्या. नळी आणि बूड जिन्यातून एकदम नेता येत नाही, दोन खेपा. पठारावरून परतलं की आरसे पुन्हा जुळवावे लागतात, त्याची सवय होते.

मोटार नाही, ही मात्र मोठी उणीव. एचडी १८९७३३ सारख्या ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड दोन-अडीच टक्के घटतो. एवढ्याच आरशाला कॅमेरा जोडून हौशी मंडळी ते मोजतात, पण तारा तासन्‌तास चौकटीत धरणारं माउंट, म्हणजे दुर्बिणीचा मोटारवाला स्टँड, लागतं. ते करायचं असेल तर लहान आरसा चालेल, खर्च माउंटवर करा.

नुसतं बघायचं असेल तर हीच घ्या, पण पाऊस उघडल्यावर. जूनमध्ये मागवलीत तर दसऱ्यापर्यंत खोक्याकडंच बघत बसाल.